उंची कुठून मोजायची

ज्या माणसानं उभ्या आयुष्यात एकाही दुकानदाराचं माप खोटं चालू दिलं नाही, त्याच्याच बाल्कनीचा कठडा नियमात बसू नये, यासारखी नामुष्की दुसरी नाही. त्यातही ती दाखवून दिली कुणी, तर पोटच्या पोरीनं. तीही फोनवर, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधल्या वेळात.

"बाबा, आधी कठडा. मग ठकी," लेक म्हणाली आणि फोन ठेवला.

ठकी म्हणजे एकुलती एक नात. गेल्या वर्षी ती आली होती तेव्हा बाल्कनीच्या कठड्यावर पोट टेकवून, दोन्ही पाय हवेत सोडून, खालच्या रस्त्यावरचं कुत्रं बघत होती. मजला तिसरा. लेकीनं धावत जाऊन तिला फ्रॉकला धरून मागे ओढलं, अर्धा तास रडली, आणि संध्याकाळच्या गाडीनं निघून गेली. त्याला आता वर्ष होत आलं. आजोबांनी या वर्षात नात पाहिली ती फक्त फोनच्या काचेत, तीही बहुतेक वेळा नुसतं कपाळ.

या आजोबांना सगळी इमारत मिलिमीटरसाहेब म्हणत असे. दारावर खरं नाव होतं, पण ते पोस्टमनशिवाय कुणी वाचत नव्हतं. वजनमापे तपासण्याच्या खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस. खिशात पेनाशेजारी गुंडाळीची टेप कायम. लग्नाला गेले तर पाटाची लांबी मोजतील, भेटायला गेले तर दवाखान्यातली खाट. बायकोच्या म्हणण्याप्रमाणे पहिल्या भेटीत त्यांनी तिच्याकडे बघितलं ते 'साधारण एकशे चोपन्न' अशाच नजरेनं. ती एकशे चोपन्नच निघाली, हे ते अजून सांगतात.

तर साहेबांनी कठडा मोजला. चौऱ्याऐंशी सेंटिमीटर. नियम एकशे दहाचा. दोन गजांमधली फट दहाच्या आत हवी, ती चौदा. त्यांनी तीनदा मोजलं, चष्मा पुसून चौथ्यांदा मोजलं. एखाद्या दुकानदाराकडे एवढी तफावत सापडली असती तर त्यांनी दुकानाला सील ठोकलं असतं. इथं सील कुणाला ठोकणार? त्यांनी नवा कठडा करायचं ठरवलं.

ठरवल्याबरोबर सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक म्हणाले, काच लावा, आयुष्यात पारदर्शकता असावी. तळमजल्यावरचा शिंपी म्हणाला, जाळी लावा, कबुतरंही येणार नाहीत. जिन्यात भेटलेल्या एका गृहस्थांनी बाल्कनी चिणून तिची खोली करण्याचा सल्ला दिला आणि निघून गेले. ते या इमारतीत राहत नाहीत हे साहेबांना नंतर कळलं.

खरा अडसर होता सेक्रेटरींचा. इमारतीच्या सोसायटीचे सेक्रेटरी नोकरीत असताना आवक-जावक विभागात होते. निवृत्त झाल्यावर त्यांची आवक थांबली, पण जावक चालूच राहिली. वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा ते जावक क्रमांक टाकून द्यायचे. त्यांनी साहेबांकडून अर्जाच्या तीन प्रती, मापांसह आराखडा आणि रंगाचा नमुना मागितला, आणि चाळीस पानांची नियमावली हातात ठेवली.

"एकदा वाचून घ्या, साहेब. मोजमापाचं सगळं आहे त्यात."

"मोजमापाचं? मला?" साहेब हसले. नियमावली त्यांनी घरी नेऊन डगमगत्या टेबलाच्या पायाखाली ठेवली. टेबल मात्र झकास स्थिर झालं.

अर्जाच्या शेवटी एक हमीपत्र होतं: 'काम चालू असताना सदर बाल्कनीत कोणतीही व्यक्ती उभी राहणार नाही.' साहेबांनी त्यावर सही केली. त्यांची सही म्हणजे दगडावरची रेघ, असं त्यांचं स्वतःचं मत होतं.

सोमवारी वेल्डर आला. अंगानं किरकोळ, बोलायला त्याहून किरकोळ. जुना कठडा त्यानं तासाभरात कापून उतरवला. मग त्यानं आपली टेप काढली. तिचं पहिलं बोटभर टोक तुटलेलं होतं.

"ती ठेवा," साहेब म्हणाले. "माझी मापं आराखड्यात आहेत. माझ्या टेपनंतर दुसरी टेप लावायची नसते."

वेल्डरनं आराखडा उलटासुलटा करून बघितला. बाल्कनीच्या कडेला फरशीपासून वीतभर उंचीचा सिमेंटचा कट्टा होता. कठड्याचे गज त्याच्या बाहेरच्या काठावर रोवायचे होते, त्यामुळे आतल्या बाजूला पाऊल मावेल एवढी जागा उरत होती. वेल्डरनं कट्ट्यावर बोट ठेवलं.

"उंची फरशीपासून धरायची का इथनं?"

"उंची जमिनीपासून मोजतात," साहेब म्हणाले. "माणसाची मोजा नाहीतर कठड्याची."

वेल्डर थोडा वेळ कट्ट्याकडे बघत राहिला. काहीतरी बोलणार होता, पण साहेबांची मान बघून त्यानं टेप खिशात टाकली. नवा कठडा तयार व्हायला आठ-नऊ दिवस लागणार होते. तोवर बाल्कनीच्या काचेच्या दाराला साहेबांनी बाहेरून दोन आडव्या फळ्या मारल्या, आतून कुलूप घातलं, आणि किल्ली सुतळीत ओवून गळ्यात अडकवली. आंघोळीलासुद्धा काढली नाही.

बुधवारी सेक्रेटरींचं पत्र आलं. समोरच्या इमारतीतून तक्रार होती. साहेबांच्या बाल्कनीत रोज दुपारी चारच्या सुमारास एक वृद्ध स्त्री अगदी कडेला उभी राहते, कठडा नसताना. हा हमीपत्राचा भंग आहे, खुलासा करावा.

"वृद्ध?" बायको म्हणाली. ती नुकतीच दुपारच्या झोपेतून उठली होती आणि डावा खांदा चोळत होती. "वृद्ध कुणाला म्हणतात ते? आणि चारला मी झोपलेली असते. आज तर खांदाच भरून आलाय, झोपेत हात वर राहिला की काय कोण जाणे."

साहेबांनी दार तपासलं. कुलूप जागेवर, फळ्या जागेवर, किल्ली गळ्यात. त्यांनी दोन पानी खुलासा लिहिला. त्याचा सारांश एवढाच होता की एकतीस वर्षांत माझ्याकडे कुणी बोट दाखवलेलं नाही.

पण बोट दाखवलेलं होतं, आणि ते मनातून जाईना. गुरुवारी पावणेचारला ते तक्रारदाराकडे गेले. तक्रारदार म्हणजे समोरच्या इमारतीतल्या दुर्बीणकाकू. काकूंकडे दुर्बीण नव्हती. तिची गरजच नव्हती. रस्त्यापलीकडच्या घरात डाळीला फोडणी कशाची पडली हे त्या खिडकीत बसून सांगायच्या. साहेब चिडून आले होते, पण काकूंनी त्यांना पाणी दिलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "बरं झालं आलात. मला एकटीला बघवत नाही हो आता."

साहेबांनी खिडकीतून पाहिलं. स्वतःचं घर समोरून बघायची वेळ माणसावर सहसा येत नाही. कठडा नसलेली बाल्कनी तोंडातला दात पडल्यासारखी दिसत होती. फळ्या, काच, काचेत आकाश. बाल्कनीत कुणीही नव्हतं. खाली रस्त्यावरून एक सायकल गेली, आणि मग काही वेळ काहीच गेलं नाही.

"आल्या," काकू म्हणाल्या.

"कुठे?"

"त्या काय. कडेलाच तर आहेत. करड्या रंगाचा स्वेटर आणि पिवळी बटणं. तोंड काही दिसत नाही मेलं, मान खाली घालून रस्त्याकडे बघत असतात ना. डावा हात असा पुढे." काकूंनी हात पुढे केला, बोटं पसरलेली. "काहीतरी धरायला गेल्या, आणि हातात काही आलं नाही, तसा हात."

साहेबांनी डोळे ताणले. चष्मा काढला, घातला. बाल्कनी रिकामी होती. पण भर उन्हात त्यांच्या मानेवर काटा आला, कारण दुर्बीणकाकू थट्टा करणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांच्या मांडीवरच्या ताटलीत शेंगा तशाच पडून होत्या.

"किती वेळ असतात?"

"मी डोळे मिटेपर्यंत," काकू म्हणाल्या.

घरी आले तेव्हा बायको खांद्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसली होती. खांदा जास्तच दुखत होता. साहेबांनी तिला काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? ज्याचं माप घेता येत नाही त्यावर बोलायची त्यांना सवयच नव्हती.

शुक्रवारी दुसरं पत्र आलं. या वेळी सोबत कोरा फॉर्म जोडलेला: 'अनधिकृत रहिवाशाची माहिती'. नाव, वय, मालकाशी नाते, वास्तव्य कधीपासून. सेक्रेटरींनी असा निष्कर्ष काढला होता की साहेबांनी सोसायटीला न कळवता एखादी वयस्क भाडेकरू ठेवली आहे. आता मात्र साहेबांच्या रागाला पारावार उरला नाही. भुताचा आरोप त्यांनी एकवेळ सोसला असता. पण चोरून भाडेकरू! त्यांनी सेक्रेटरींना शनिवारी चारला घरी येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आमंत्रण दिलं. सेक्रेटरींनी ते आवक क्रमांक टाकून स्वीकारलं.

शनिवारी दोघं काचेच्या दारापाशी खुर्च्या टाकून बसले. बायको आतल्या खोलीत झोपलेली. सेक्रेटरींनी येताना वही आणली होती. चार वाजले, चार वाजून पाच मिनिटं झाली. बाल्कनीत कुणी नव्हतं. वेल्डरनं गज कापले तेव्हाची सिमेंटची बारीक पूड मात्र फरशीभर आणि कट्ट्यावर पसरलेली होती, पिठी साखर भुरभुरल्यासारखी. तिच्यावर कशाचाही ओरखडा नव्हता.

"पाहिलंत?" साहेब विजयानं म्हणाले.

सेक्रेटरींनी मान हलवली, 'तक्रारीत तथ्य नाही' असं लिहायला घेतलं, आणि त्यांचं पेन थांबलं. साहेबांनी त्यांच्या नजरेच्या रोखानं पाहिलं.

पुडीत पावलं होती. मघाशी नव्हती, आता होती. कुणीतरी घाईनं आल्यासारखी, दारापासून कडेपर्यंत, सपाट चपलांची. आणि कडेला, कट्ट्यावर, अनवाणी पावलांची एक लहानशी जोडी. पाच-पाच बोटं स्पष्ट. टाचा आत, बोटं बाहेर, रस्त्याकडे.

आतल्या खोलीत बायको झोपेत कण्हली.

मग साहेबांनी जे केलं ते फक्त साहेबच करू शकतात. त्यांनी कुलूप काढलं, दार किलकिलं केलं, फळ्यांच्या खालून टेप बाहेर सरकवली आणि पावलं मोजली. मोठी चप्पल तेवीस पूर्णांक दोन. लहान पाऊल पंधरा पूर्णांक सहा. आकडे त्यांनी दोनदा वाचले.

"लहान पावलं फक्त जाताना दिसतात," ते म्हणाले. "परत आलेली नाहीत."

सेक्रेटरी उभे राहिले. त्यांचा चेहरा कागदासारखा झाला होता, पण एवढ्या वर्षांची सवय कुठे जाणार? दारातून पळता पळता ते म्हणाले, "साहेब, म्हणजे दोन व्यक्ती झाल्या. दोन फॉर्म लागतील."

नवा कठडा पुढच्या बुधवारी बसला. निळसर करडा, मंजूर नमुन्याप्रमाणे. उभे गज, नऊ-नऊ सेंटिमीटरवर. साहेबांनी फरशीपासून टेप लावली: एकशे दहा पूर्णांक शून्य. कितीतरी दिवसांनी त्यांना गाढ समाधान वाटलं. सेक्रेटरींनी खालूनच बघितलं, वर यायचं टाळलं, आणि काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर शिक्का मारून दिला. साहेबांनी लेकीला फोन केला. तिनं उंची विचारली, फट विचारली, आणि थोडं थांबून म्हणाली, "बरं. येत्या रविवारी येतो आम्ही." आवाज ओला होता. फोन ठेवल्यावर साहेबांनीही नाक शिंकरलं आणि सर्दी झाल्याचं जाहीर केलं.

कठडा बसला म्हणजे ते सगळं संपेल, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. गुरुवारी दुपारी बायको फरशी पुसायला बाल्कनीत गेली आणि तिथूनच तिनं हाक मारली, "अहो, इकडे या जरा."

पुसलेल्या ओल्या कट्ट्यावर दोन लहान पावलं वाळत होती.

साहेबांनी फडक्यानं पुसली. त्यांच्या डोळ्यांदेखत ती पुन्हा उमटली, आधी टाचा, मग बोटं. कुणीतरी हलकंच कट्ट्यावर चढावं तशी.

मग त्यांना बायकोला सगळं सांगावंच लागलं. दुर्बीणकाकू, स्वेटर, पुढे केलेला हात, फरशीवरची पूड. बायको घाबरली नाही, निदान दाखवलं तरी नाही. ती कट्ट्यापाशी उकिडवी बसली आणि त्या पावलांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ही जमिनीवर का नाहीत हो? प्रत्येक वेळी कट्ट्यावरच का?"

"पावलांना काय कळतं," साहेब म्हणाले.

"केवढी आहेत म्हणालात?"

"पंधरा सहा."

बायकोनं लेकीला फोन लावला. ठकीला बूट आणायचेत असं सांगितलं, पाऊल मोजायला लावलं. पलीकडून ठकीच्या गुदगुल्या झाल्याच्या किंकाळ्या ऐकू आल्या. मग लेक म्हणाली, "पंधरा, आणि वर सहा बारीक रेघा."

बायकोनं फोन हळूच ठेवला. साडेतीन-चार वर्षांच्या पोरींची पावलं सारखीच असतात, असं साहेब म्हणाले. एकतीस वर्षं त्यांनी उलटंच सांगितलं होतं, की कुठल्याही दोन वस्तू मिलिमीटरपर्यंत सारख्या नसतात.

आता ज्याला कुणाला वाटत असेल की साहेबांनी तिथल्या तिथे उठून काय ते समजून घेतलं, त्यानं हा माणूस ओळखला नाही. त्यांच्या हातात शिक्क्याचा दाखला होता. माप त्यांचं होतं. आपलं माप तपासायचं म्हणजे काय, हे त्यांना माहीत नव्हतं. ती वेळ नेहमी दुसऱ्यांवर यायची. त्यांनी ठरवलं, रविवारी बाल्कनीला कुलूप घालू. मग त्यांना आठवलं, की त्या पावलांना कुलूप कधीच अडवू शकलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी बायको बाजारातून आली. चार महिने ती एक स्वेटर विणत होती. एक हात दुसऱ्यापेक्षा लांब झाला म्हणून साहेबांनी तो दोनदा उसवायला लावला होता. आता तो पुरा झाला होता. तिनं तो अंगाशी धरला आणि पिशवीतून एक पुडी काढली.

"रविवारी हाच घालीन म्हणते. करड्यावर पिवळी बटणं उठून दिसतात ना हो?"

पुडीतून सहा पिवळी बटणं टेबलावर घरंगळली. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. त्या टेबलाकडे बघितलं. मग ते खाली वाकले आणि टेबलाच्या पायाखालून नियमावली ओढून काढली. टेबल डगमगलं आणि एक बटण खाली पडलं.

कलम एकोणीस. 'कठड्याची उंची, पाय ठेवून उभे राहता येईल अशा सर्वांत वरच्या पातळीपासून मोजावी.'

साहेब बाल्कनीत गेले. कट्ट्यावर टेप टेकवली. अठ्ठ्याऐंशी. कट्टा बावीस सेंटिमीटरचा होता, आणि बावीस सेंटिमीटर त्यांनी स्वतःच्या हातानं नातीच्या पायाखाली ठेवले होते. तेवढ्यावर चढलेल्या पोरीच्या जेमतेम नाकापर्यंत कठडा येणार. हात टेकवायचे, उडी मारायची, पोट वर. गेल्या वर्षी जुन्या कठड्यावर तिनं हेच केलं होतं. साहेब कट्ट्यापाशी फरशीवर बसले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. दुर्बीणकाकूंनी नंतर सांगितलं की त्यांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला. हे काही बघायचं नव्हतं.

त्याच संध्याकाळी साहेब सेक्रेटरींकडे गेले. कठडा बावीस सेंटिमीटरनं वाढवायचाय, उद्याच.

"म्हणजे एकशे बत्तीस?" सेक्रेटरी म्हणाले. "मंजूर आराखड्यात एकशे दहा आहे. हा बदल झाला. बदलाला नवा अर्ज, मग समितीची सभा. पंधरा दिवस तरी धरा."

"रविवारी नात येतेय."

"मी काय करू, साहेब?" सेक्रेटरींनी नियमावली उघडली. त्यांनाही पावलं आठवत असावीत, कारण ते नेहमीपेक्षा हळू पानं उलटत होते. "एक आहे. बदलाला सभा लागते. चूकदुरुस्तीला लागत नाही. मूळ अर्जातलं माप चुकीचं होतं असं अर्जदारानं लेखी कबूल केलं, तर लगेच परवानगी देता येते. पण ती कबुली सूचनाफलकावर लावावी लागते. महिनाभर."

बाहेर जिन्यात कुणाच्यातरी घरची भांडी वाजत होती. साहेबांना एकतीस वर्षांतले सगळे दुकानदार आठवले. कापडवाले, तेलवाले, गयावया करणारे, 'साहेब, एवढ्याशा फरकानं काय होतं' म्हणणारे. त्या प्रत्येकाला त्यांनी उत्तर दिलं होतं, की फरकानं फरक पडतो. त्यांनी पेन मागितलं आणि लिहिलं: 'मी केलेले मोजमाप चुकले. वेल्डरने विचारले होते. मी ऐकले नाही.' खाली नेहमीची सही केली. या वेळी ती थोडी वाकडी आली.

सेक्रेटरींनी शिक्का मारला. मग घसा खाकरून म्हणाले, "आणि ते दोन फॉर्म राहिलेत. अनधिकृत रहिवासी."

साहेबांनी तेही भरले. पहिल्यावर नाते, पत्नी. दुसऱ्यावर नाते, नात.

सेक्रेटरी चक्रावले. "अहो, मग हे आधीच का नाही सांगितलंत?"

"तेव्हा त्या अजून आल्या नव्हत्या," साहेब म्हणाले.

सेक्रेटरींनी 'वास्तव्य कधीपासून' हा रकाना तसाच कोरा राहू दिला. त्यांच्या आयुष्यातला हा पहिला कोरा रकाना असावा.

शनिवारी वेल्डर आला. साहेबांनी त्याला त्याचीच टेप काढायला सांगितली, ती तुटक्या टोकाची. त्यानं तुटकं बोटभर वजा करून मोजलं आणि अचूक आकडा सांगितला. वाढवलेला भाग त्यानं उभ्याच गजांचा केला. आडव्या पट्ट्या लावल्या तर पोरांना शिडीच मिळते, म्हणाला. साहेबांनी वहीत ते लिहून घेतलं.

रविवारी लेक आली, ठकी आली. ठकी इतकी वाढली होती की साहेबांच्या हाताला आपोआप टेप लागली, पण त्यांनी ती परत खिशात ढकलली आणि पोरीला पोटाशी धरलं. दिवसभर घर उलटंपालटं झालं. जेवणं झाली, गप्पा झाल्या. बायकोचा खांदा सकाळपासून इतका ठणकत होता की तिला वेणीही घालता आली नाही.

चार वाजता साहेब चहाचा कप घेऊन उभे होते. लेक स्वयंपाकघरात. बाल्कनीचं दार कधी उघडलं ते कुणालाच कळलं नाही. ठकी अनवाणी धावली आणि कट्ट्यावर चढली. तिच्या मागे चपला फटफटवत बायको, करड्या स्वेटरमध्ये, पिवळ्या बटणांत. तिनं मान खाली घातली, डावा हात पुढे केला, बोटं पसरली.

समोरच्या खिडकीत दुर्बीणकाकू उभ्या राहिल्या. साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला.

ठकीनं वर हात टाकले, गज धरले, उडी मारली. घसरून खाली आली. पुन्हा उडी, पुन्हा खाली. कठडा तिच्या डोक्याच्याही दहा सेंटिमीटर वर होता. ती वळली आणि तिनं आजोबांकडे रागानं बघितलं.

"आजोबा, हे किती उंच केलंय! मला वरून काहीच दिसत नाही. चुकलंय तुमचं."

"हो गं बाई," साहेब म्हणाले. "चुकलंच होतं."

ठकी कट्ट्यावरून उतरली आणि चपलांना वळसा घालून आत पळाली. तिची लहान पावलं फरशीवर परत येताना साहेबांनी एक एक करून पाहिली.

बायको अजून तशीच उभी होती, हात पुढे धरून. साहेब जवळ गेले. त्यांनी तिचा तो हात दोन्ही हातांत घेतला. तो बर्फासारखा गार होता.

"खाली घे आता," ते म्हणाले.

तिनं हळूहळू हात खाली घेतला आणि दीर्घ श्वास सोडला.

"कितीतरी दिवस धरून ठेवला होता हो," ती म्हणाली.